दिसतं तसं नसतं! खड्डा, उंचवटा आणि आपले डोळे

छायाचित्राचा कागद सपाट असतो, तरीही त्यात आपल्याला दऱ्या, डोंगर आणि खड्डे दिसतात. ते नेमके कुठे असतात? चित्रात, डोळ्यांत की मेंदूत? बंगळूरच्या खड्ड्यांच्या रस्त्यापासून थेट चंद्राच्या विवरापर्यंत पोहोचणारी ही नजरेची गोष्ट.

सप्टेंबर २०१९ चा पहिला आठवडा. चांद्रयान-२ चंद्राच्या अगदी जवळ पोहोचले होते आणि साऱ्या देशाचे लक्ष बंगळूरकडे लागले होते. नेमक्या त्याच दिवसांत बंगळूरहूनच एक छोटीशी चित्रफीत लोकांच्या मोबाइलवर येऊन धडकली. अंधूक उजेड, खडबडीत जमीन, जागोजागी विवरे आणि त्यातून संथपणे एकेक पाऊल टाकत चाललेला पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर. पाहणाऱ्याला वाटावे, माणूस चंद्रावर पोहोचला की काय! इतक्यात अंतराळवीराच्या बाजूने एक ऑटोरिक्षा निघून गेली आणि क्षणात सारा उलगडा झाला. तो चंद्र नव्हता. ती विवरे म्हणजे हेरोहळ्ळी भागातल्या तुंगानगर मुख्य रस्त्यावरचे खड्डे होते.

ही करामत होती चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांची. २०१५ मध्ये रस्त्यातल्या एका खड्ड्यात मगरीचा पुतळा ठेवून त्यांनी शहराचे लक्ष वेधले होते. या वेळी त्यांनी चंद्रच रस्त्यावर आणला. चित्रफीत गाजली, लोक पोट धरून हसले आणि पालिकेची माणसे खड्डे बुजवायला आली.

हसून झाल्यावर एक प्रश्न मात्र उरतो. रिक्षा येण्यापूर्वी आपले डोळे फसले कसे? आणि रिक्षा दिसताच ते भानावर कसे आले? रस्ता तोच होता, खड्डेही तेच होते. बदलली होती ती फक्त एक खूण. रिक्षा केवढी असते हे आपल्याला ठाऊक असते. ती दिसली आणि मेंदूच्या हाती मोजपट्टी आली. त्या मोजपट्टीने चंद्रावरचे विवर पुन्हा हातभर रुंदीचा खड्डा झाले.

सपाट पडद्यावरचे खोल जग

एखादी वस्तू जवळ आहे की लांब, पुढे आहे की मागे, खोलगट आहे की फुगीर, हे आपण इतक्या सहजपणे ओळखतो की त्यात काही कोडे आहे असे वाटतच नाही. पण कोडे आहे. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्याला दृष्टिपटल म्हणतात, त्यावर बाहेरच्या जगाची प्रतिमा उमटते ती छायाचित्रासारखीच. तिला लांबी असते, रुंदी असते, पण खोली नसते. समोरचा डोंगर आणि खिडकीचा गज, दोघेही त्याच पडद्यावर शेजारी शेजारी येऊन बसतात.

म्हणजे खोली डोळ्याला मिळत नाही. ती मेंदू शोधून काढतो. प्रतिमेत विखुरलेल्या बारीकसारीक खुणा गोळा करायच्या आणि त्यावरून बाहेर काय असावे याचा अंदाज बांधायचा, हे काम तो जागेपणी क्षणोक्षणी करत असतो. हा अंदाज इतका झटपट आणि बहुधा इतका अचूक असतो की तो अंदाज आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते चुकल्यावर!

दुरून डोंगर साजरे

या खुणा कोणत्या? पहिली अगदी सोपी. एक वस्तू दुसरीला झाकत असेल तर झाकणारी पुढे, झाकली गेलेली मागे. दुसरी आकाराची. ओळखीची वस्तू लहान दिसली तर ती लांब असणार. तिसरी खूण रेल्वेच्या रुळांवर उभे राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. समांतर रूळ दूरवर एकमेकांजवळ येताना दिसतात. चौथी पोताची. पायाखालचे खडे सुटे सुटे दिसतात, पुढे ते दाट होत जातात आणि शेवटी एकजीव होतात. पाचवी खूण उंचीची. जमिनीवरची वस्तू चित्रात क्षितिजाच्या जितकी जवळ, तितकी ती लांब.

सहावी खूण मराठी माणसाने म्हणीतच गुंफून ठेवली आहे. दुरून डोंगर साजरे दिसतात ते मधल्या हवेमुळे. सह्याद्रीच्या एखाद्या घाटमाथ्यावर उभे राहून पाहिले तर जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर आणि त्याहीमागची धुरकट दिसते. मधली हवा, धूळ आणि बाष्प रंग फिके करतात. त्या फिकेपणावरून मेंदू अंतर ताडतो.

चित्रकारांनी या खुणा फार पूर्वी हेरल्या. पंधराव्या शतकात इटलीतल्या कलावंतांनी रेषा एका बिंदूकडे नेऊन चित्रात खोली आणण्याचे शास्त्रच बसवले. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते शास्त्र शिकवले गेले. संगीत नाटकांच्या काळात तर प्रेक्षक नुसते पडदे पाहूनही दाद देत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीने नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची ख्याती होती. कापड सपाट, पण त्यावरचा महाल, खांबांच्या रांगा आणि मागचा बगीचा पाहून रंगमंच पार मागपर्यंत गेला आहे असे वाटावे, ही त्या पडद्यांची खुबी. हेच बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ काढला.

सूर्य नेहमी वर

या सगळ्या खुणांमध्ये सर्वांत जबरदस्त आणि सर्वांत फसवी खूण म्हणजे सावली. एखादे वर्तुळ वरच्या बाजूला उजळ आणि खालच्या बाजूला गडद रंगवले तर ते फुगीर दिसते, लाडवासारखे. तेच चित्र उलटे धरा. आता वरचा भाग गडद, खालचा उजळ. लाडवाची वाटी होते! कागद तोच, शाई तीच.

असे का व्हावे? कारण मेंदू एक गोष्ट गृहीत धरून चालतो. उजेड वरून येतो. माणसाच्या आणि त्याच्या पूर्वजांच्या साऱ्या आयुष्यात दिवसाचा उजेड वरूनच आला आहे. मग वरची कड उजळ असेल तर ती वस्तू बाहेर आलेली आणि वरची कड अंधारी असेल तर ती आत गेलेली, असा हिशेब मेंदू करतो. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत गेलेले प्रसिद्ध मेंदुशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये अशा छायांकित वर्तुळांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून आणखी एक गंमत पुढे आली. मेंदू साऱ्या चित्रासाठी एकच दिवा धरतो. एका वस्तूवर डावीकडून आणि शेजारच्या वस्तूवर उजवीकडून उजेड पडत असेल, असे मानायला तो तयार होत नाही.

अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून मुले भुताचा चेहरा करतात, त्यामागेही हेच आहे. उजेड खालून आला की ओळखीच्या नाकाडोळ्यांच्या सावल्या भलतीकडे पडतात आणि आईलाही आपले लेकरू क्षणभर परके वाटते.

चंद्राच्या छायाचित्रांत ही फसगत पदोपदी भेटते. छायाचित्रात उजेड खालच्या बाजूने आला असेल तर विवरे चक्क टेकड्यांसारखी दिसतात. कागद फिरवला की पुन्हा विवरे. म्हणूनच असे छायाचित्र वाचताना जाणकार आधी विचारतात, सूर्य कोणत्या बाजूला होता?

पीन्याहून चंद्रावर

घरी बसून चित्र पाहणाऱ्याला टेकडी आणि विवर यांतली गल्लत म्हणजे करमणूक. पण ज्याला तिथे यान उतरवायचे आहे त्याच्यासाठी तो सगळ्या मोहिमेचा प्रश्न असतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्याचे नियंत्रण होत होते बंगळूरच्या पीन्या भागातल्या इस्रोच्या केंद्रातून. उतरण्यासाठी सुमारे ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद असा पट्टा ठरवला होता. तो निवडताना चांद्रयान-२ च्या, चंद्राभोवती फिरत राहिलेल्या ऑर्बिटरची छायाचित्रे कामी आली. त्याचा कॅमेरा जमिनीवरची सुमारे ३० सेंटीमीटर आकाराची वस्तूही टिपू शकतो.

उतरण्याची वेळ चंद्रावरच्या त्या जागी सकाळची होती. मुख्य कारण सौरऊर्जेचे. चंद्रावरचा दिवस पृथ्वीच्या सुमारे १४ दिवसांचा आणि तो पुरता हाती यावा, हा हिशेब. पण सकाळच्या कलत्या उन्हाचा आणखी एक गुण असतो. लहानशा दगडाचीही लांब सावली पडते आणि उथळ खड्ड्याची कडही उठून दिसते. तरीही केवळ चित्रावर भिस्त ठेवली नव्हती. विक्रमवर धोके हेरणारा कॅमेरा होता, तशी लेसर आणि रडारने उंची मोजणारी उपकरणेही होती. जमिनीपासून सुमारे १५० मीटरवर यान थबकले, खालची जागा न्याहाळली आणि मगच उतरले.

खरी कसोटी होती ती प्रज्ञान या २६ किलो वजनाच्या सहाचाकी गाडीची. तिच्या पुढच्या बाजूला दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवले होते, अगदी आपल्या दोन डोळ्यांसारखे. हे कॅमेरे बंगळूरमधल्याच इस्रोच्या इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळेत तयार झाले. दोन कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे पृथ्वीवर यायची, त्या दोहोंतल्या फरकावरून समोरच्या जमिनीचे चढउतार काढले जायचे आणि मग पुढच्या काही मीटरांचा रस्ता ठरायचा. २७ ऑगस्टला असे चालता चालता समोर ३ मीटर अंतरावर एक विवर आढळले, ४ मीटर व्यासाचे. गाडीला आल्या वाटेने माघारी फिरण्याची आज्ञा गेली आणि ती नव्या वाटेने सुखरूप पुढे निघाली. तिथे कुणी ढकलायला यायचे नव्हते. विवरात चाक अडकले असते तर प्रज्ञानचा प्रवास तिथेच संपला असता.

पुढे ५ सप्टेंबरला इस्रोने विक्रमचे एक आगळे चित्र प्रसिद्ध केले. प्रज्ञानच्या डाव्या कॅमेऱ्याचे चित्र लाल रंगात आणि उजव्याचे निळ्या-हिरव्या रंगात, एकावर एक. नुसत्या डोळ्यांना ते रंग सरकलेल्या छपाईसारखे दिसते. डाव्या डोळ्यावर लाल आणि उजव्यावर निळसर हिरवी काच असलेला चष्मा लावला की विक्रम कागदातून उठून समोर उभा राहतो.

चंद्रावर माणसालाही अंतर उमगत नाही, हे १९७१ मध्येच दिसून आले होते. अपोलो-१४ चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल हे कोन नावाच्या, सुमारे ३४० मीटर रुंदीच्या विवराचा काठ शोधत चढण चढत होते. तिथे हवा नाही, म्हणून दूरचे काही धुरकट दिसत नाही. झाड नाही, खांब नाही, घर नाही, म्हणून आकाराची मोजपट्टी नाही. प्रत्येक उंचवटा म्हणजेच काठ असे वाटायचे आणि तिथे पोहोचल्यावर तो पुढे सरकलेला असायचा. अखेर वेळ संपली आणि दोघे परतले. पुढे ऑर्बिटरच्या छायाचित्रांवरून कळले, काठ जेमतेम ३० मीटरवर होता!

देव देतो दोन

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण दोन कशासाठी? आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंटीमीटरचे अंतर असते. त्यामुळे दोघांना दिसणारे चित्र किंचित वेगळे असते. त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. सुईत दोरा ओवताना, पेल्यात पाणी ओतताना, जिन्याची पायरी उतरताना याचा मोठा उपयोग. वस्तू जसजशी लांब जाते तसतसा हा फरक नाहीसा होत जातो आणि मग भिस्त राहते ती चित्रातल्या खुणांवरच.

एका डोळ्याने या खुणा किती दूरवर नेऊ शकतात याचे उदाहरण म्हणजे मन्सूर अली खान पतौडी. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. वेगवान चेंडू किती अंतरावर आहे हे ओळखणे म्हणजे फलंदाजाचा प्राण. तरीही सहा महिन्यांच्या आत ते भारताकडून कसोटी खेळले आणि मार्च १९६२ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, कर्णधार झाले. ४६ कसोटींत त्यांनी ६ शतके केली.

हे कसे शक्य झाले? जवळ येणारा चेंडू डोळ्यात मोठा होत जातो. डोके जरा हलले तर जवळच्या वस्तू झपकन सरकतात, लांबच्या जागच्या जागी राहतात. आगगाडीच्या खिडकीतून तारेचे खांब मागे पळताना आणि डोंगर बरोबर येताना दिसतात, तोच हा प्रकार. या खुणांना एक डोळा पुरतो. अर्थात त्यांच्यावर विसंबायला पतौडींना नव्याने शिकावे लागले आणि त्यामागे अपार कष्ट होते.

जन्मजात की शिकलेले?

मग या खुणा वाचायला माणूस शिकतो, की जन्मतःच घेऊन येतो? अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर दिले. जन्मापासून मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या मुलांवर भारतात शस्त्रक्रिया करायची आणि नव्याने मिळालेली दृष्टी कशी घडत जाते हे अभ्यासायचे, असा हा दुहेरी उपक्रम.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ८ ते १६ वर्षांची ९ मुले होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना एक प्रसिद्ध आकृती दाखवली. रुळांसारख्या वर निमुळत्या होत जाणाऱ्या दोन रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन आडव्या, सारख्याच लांबीच्या रेघा. डोळसांना वरची रेघ मोठी वाटते. तोवर समजूत अशी होती, की आपण वर्षानुवर्षे रस्ते आणि रूळ पाहतो म्हणून फसतो. या मुलांनी तर रूळ कधी पाहिलेच नव्हते. तरीही तीही फसली! म्हणजे ही फसगत व्हायला वर्षानुवर्षांचा पाहण्याचा अनुभव लागत नाही.

यंत्राला का जमत नाही?

माणसाची ही कथा, तर यंत्राचे काय? बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एस. पी. अरुण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. लाखो छायाचित्रे दाखवून वस्तू ओळखायला शिकवलेले संगणकी मेंदू आता मांजर, मोटार, खुर्ची सफाईने ओळखतात. पण ते आपल्यासारखे पाहतात का? त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

काही बाबतींत यंत्र माणसासारखे निघाले. आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन आकृत्यांत माणसाची गल्लत होते, तशी त्याचीही होते. पण खोलीचा प्रश्न आला आणि यंत्र अडले. काही रेघांनी काढलेला ठोकळा जरा वेगळ्या दिशेने वळवला की माणसाला फरक चटकन जाणवतो. रेघांत तेवढाच फरक केला, पण आकृतीतून ठोकळा दिसत नसेल, तर तो शोधायला वेळ लागतो. कारण माणूस रेघा पाहतच नाही, तो ठोकळा पाहतो. अभ्यासलेल्या यंत्रांत असा भेद आढळला नाही. त्यांच्या लेखी त्या रेघाच राहिल्या. एक वस्तू दुसरीमागे झाकली आहे, हेही त्यांना माणसासारखे उमगले नाही.

वस्तूचे नाव सांगता येणे वेगळे आणि ती कुठे, कशी उभी आहे हे कळणे वेगळे. पाळण्यातले मूल खुळखुळ्याचे नाव जाणत नाही, पण हात बरोबर त्याच्याकडे नेते.

रस्त्यावरची चित्रे

चित्रातल्या खोलीचा रस्त्यावर उपयोग करण्याचे प्रयत्नही झाले. २०१६ मध्ये अहमदाबादेत चित्रकार मायलेकींनी रस्ता ओलांडण्याचे पट्टे असे रंगवले की चालकाला ते जमिनीपासून वर उचललेले ठोकळे वाटावेत. त्याच वर्षी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही गतिरोधकांऐवजी अशी चित्रे वापरून पाहत असल्याचे सांगितले. कल्पना नामी आहे, पण तिच्या मर्यादाही उघड आहेत. असे चित्र एका ठरावीक जागेवरूनच उठून दिसते. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला चार दिवसांत गुपित कळते. आणि नवख्याने घाबरून एकदम ब्रेक दाबला तर मागच्याचे काय?

उलट खरा धोका असतो तो दिसत नसलेल्या खोलीचा. पावसाचे पाणी भरलेला खड्डा सपाट दिसतो, कारण सावली, पोत, कड या साऱ्या खुणा पाण्याखाली जातात. रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की उरल्यासुरल्या खुणाही पुसल्या जातात. अशा वेळी ‘मला नीट दिसतंय’ या खात्रीपेक्षा कमी वेग अधिक भरवशाचा.

मुलांचे डोळे

आईवडिलांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट शेवटी सांगायलाच हवी. काही मुलांचा एक डोळा लहानपणापासून कमजोर असतो. मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करू लागतो. याला सोप्या भाषेत आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा आणि चित्रातल्या खुणा यांच्या जोरावर त्याचे निभावते. ते धावते, खेळते, टीव्ही पाहते. आपल्याला कमी दिसते हे त्याला ठाऊकच नसते, कारण त्याने दुसरे जग पाहिलेले नसते.

चष्मा लावून आणि चांगला डोळा काही काळ झाकून यावर उपचार होतो. पण तो वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापूर्वी सुरू झाला तर अधिक गुण येतो. पुढे ते अवघड होत जाते. म्हणून मुलाला शाळेत घालण्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी करून घ्यावी. ‘तुला दिसतं ना रे?’ एवढे विचारून भागत नाही. ‘हो’ असे ते मनापासून म्हणेल आणि तरीही एक डोळा मागे पडत गेलेला असेल.

घरी करून पाहा

• चंद्राच्या विवरांचे छायाचित्र उलटे धरा. बऱ्याचदा विवरांच्या टेकड्या होतात. तसे झाले नाही तर उजेड कोणत्या बाजूने आला आहे ते शोधा.

• दोन पेन्सिली दोन्ही हातांत आडव्या धरा आणि एक डोळा मिटून त्यांची टोके एकमेकांना टेकवा. मग दोन्ही डोळे उघडून तेच करा.

• कागदाची नळी करा आणि एका डोळ्याने तिच्यातून एखादे निसर्गचित्र पाहा. चित्र अधिक खोल वाटेल. दोन्ही डोळे मिळून ‘हा कागद सपाट आहे’ असे मेंदूला सांगत असतात. एक मिटला आणि कडा झाकल्या की ती चुगली थांबते.